पाय खाली ठेवा

६ जानेवारी १९७४, रविवार

गाडीत आज एक खुंटी आली!

देवाजी मेकॅनिकने सकाळी येऊन आमच्या ॲम्बेसेडरच्या डॅशबोर्डखाली मधोमध बसवून दिली. भंगारात निघालेल्या कुठल्याशा जीपमधली. काळी, बोटभर लांब. मागे तार, ती थेट कार्बोरेटरपर्यंत. खुंटी बाहेर ओढली की ॲक्सिलेटर तेवढाच दाबलेला राहतो, पायाची गरज नाही. आत ढकलली की सुटतो. एवढंच यंत्र. गणिताच्या बाईला समजायला कठीण नाही. आवडायला कठीण आहे.

मधुकररावांना मात्र फार आवडलं आहे. (घरात ‘अहो’ म्हणते. नाव फक्त या पानांवर घेते. पान कुणाला जाऊन सांगत नाही.) पाटबंधारे खात्यात नवीन असताना ते स्वतः जीप चालवायचे, तिला अशीच खुंटी होती म्हणे. कालव्याच्या सरळ रस्त्याने खुंटी ओढून जायचे. आता पेट्रोल महागलं, आणि वेग एकसारखा ठेवला की पेट्रोल कमी लागतं, हे त्यांचं कारण. कारण बरोबर आहे. तरी मला ते कारण वाटत नाही, सबब वाटते. का वाटते ते सांगता येत नाही.

देवाजी हात पुसत म्हणाला, “जीपचा माल हाये बाई, पक्का. एकदा ओढली का साहेब निजले तरी गाडी चालन.”

हे त्याला कौतुक वाटलं!

मी विचारलं, ब्रेक दाबला की खुंटी आपोआप सुटते का?

“नाही. ते हातानंच ढकला लागते.”

म्हणजे घाईत ब्रेक दाबला तर ब्रेक गाडीला मागे ओढणार आणि इंजिन पुढे. मी हे बोलून दाखवलं. मधुकरराव देवाजीला म्हणाले, “पाह्य, पेपर तपासून राहिली.” दोघे हसले. मी चहा करायला आत गेले.

मला खुंटीची इतकी काळजी नसती. पण दहा फेब्रुवारीला प्रेमिलाला अमरावतीहून आणायचं आहे. सातवा महिना लागेल तिला. पहिलं बाळंतपण माहेरी. तिच्या डॉक्टरणीने एस.टी.चे धक्के नकोत म्हणून बजावलं आहे. आणि मधुकररावांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं, “माहा जन्म झाला तवा माह्या मायले बैलबंडीत घालून आणलं होतं. माही पोट्टी आपल्या गाडीत येईन.” तेव्हा मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं. इंदोरा वस्तीत आमच्या गल्लीतली ही पहिली मोटार.

आता म्हणतात, अमरावतीचा रस्ता सरळ आहे, खुंटी लावून आरामात येऊ. कोंढाळीपुढचे चढउतार कुणी सपाट केले?


९ जानेवारी, बुधवार

आठवीला वेग, वेळ, अंतर. “गृहीत धरा की गाडी एकसारख्या वेगाने जात आहे.” फळ्यावर लिहिलं आणि बघत उभी राहिले. पुसून आगगाडी केली.


१३ जानेवारी, रविवार

वर्धा रोडवर खुंटीची परीक्षा झाली. मी शेजारी.

आधी जे बरं ते लिहिते, नाहीतर मी एकतर्फी होते. शहराबाहेर रस्ता मोकळा झाला, गाडी चाळीस मैलांवर आली, त्यांनी खुंटी हळूहळू ओढली आणि पाय काढला. गाडी चालतच राहिली. जरा भुतासारखं वाटलं, पण गचके नाहीत. मधुकररावांचा चेहरा सैल झाला. अलीकडे गाडी चालवताना कपाळाला आठ्या असतात, त्या गेल्या. इतक्या दिवसांनी शीळ वाजवली.

मग उतार आला. गाडी आपल्या मनाने पळायला लागली. खुंटीला उतार कळत नाही, तिला फक्त आपली जागा माहीत. मी म्हटलं, “ढकला आत.” त्यांनी ढकलली. पुढे चढ आला तर गाडी दमली, पुन्हा ओढली. हेही ठीक. माणूस सावध असला तर जमेल असं वाटलं मला. खरंच वाटलं.

आणि मग त्यांनी चप्पल काढली, उजवा पाय उचलला आणि डाव्या मांडीखाली घेतला!

जेवायला बसतात तसे. ऑफिसात खुर्चीवर बसतात तसे. त्यांच्या घरी सगळेच पाय रिकामा झाला की वर घेतात. खाप्याला राहणाऱ्या सासूबाई तर रिक्षातही मांडी घालून बसतात. आमच्या गाडीची पुढची सीट एकसंध, पाटासारखी. जागा भरपूर!

“पाय खाली ठेवा,” मी म्हटलं.

“काहून? पायाले आता काम कुठी आहे?”

“ब्रेक?”

“काही आलं तर दिसन ना मले. डोळे थोडीच मांडीखाली घेतले.”

चाळीस मैलांच्या वेगात सेकंदाला जवळजवळ साठ फूट जातात. पाय मांडीखालून काढून ब्रेकवर न्यायला सेकंद सहज. मी हे सांगितलं. म्हणाले, “तू मोजत राह्य.”

घरी येऊन आमचं ठरलं, म्हणजे मी मांडलं आणि ते हं हं म्हणाले. शहरात खुंटी नाही. अंधारात नाही, ओल्या रस्त्यावर नाही. समोर बंडी, गुरं, उतार, काही दिसलं की आधी खुंटी आत. उजवा पाय ब्रेकशेजारी. सगळं मान्य. फक्त शेवटचं ऐकून म्हणाले, “पाय खालीच ठेवायचा तर मंग ते बसवलं कायले?”

  


१४ जानेवारी, सोमवार

शाळेत सगळ्या बायकांनी तिळगूळ दिला. पुडी घरी आणली ही चूक. अर्धी पुडी मधुकररावांनी उभ्याउभ्या संपवली. डॉक्टरांनी साखरेचं सांगून दोन वर्षं झाली. आम्ही चहातली साखर निम्मी केली आणि विसरलो.

“गोड बोला म्हणतात ना. आता तरी बोल,” म्हणाले. मी हसले. हसायला नको होतं.


२० जानेवारी, रविवार

 आजच लिहायला हवं, उद्या मी यात काहीतरी सौम्य करीन.

सकाळी खाप्याला गेलो, सासूबाईंकडे. जाताना धुकं होतं, खुंटी लावली नाही. सासूबाई अंगणात शेगडी घेऊन बसलेल्या. मधुकररावही खाटेवर बसले, पाय शेगडीकडे. गप्पा चालल्या होत्या. प्रेमिलाच्या बाळंतविड्याचं, कुणाच्या संत्र्याच्या बागेचं. एकदम सासूबाई ओरडल्या, “अरे, पाय भाजते ना तुहा! शेगडीले टेकला पाह्य!” यांनी पाय काढला. तळव्याच्या कडेला लाल चट्टा.

“काही नाही होत माय.”

“लहानपणापासून असाच हाये,” सासूबाई मला म्हणाल्या. “सांगत नाही काही. पोटात ठेवते.”

मी मनात म्हटलं, मर्दपणा दाखवायला आईसमोर शेगडीच मिळाली.

परत निघालो तेव्हा दुपार कलली होती. ऊन स्वच्छ, रस्ता रिकामा. पाटणसावंगीच्या अलीकडे त्यांनी खुंटी ओढली. थोड्या वेळाने पाय वर. मी काही बोलले नाही. सारखं सारखं बोलून माझ्या बोलण्याची किंमत गेली आहे, म्हणून आज गप्प बसायचं असं सकाळीच ठरवलं होतं! काय दिवस निवडला.

वळणापुढे कापसाच्या बंड्या होत्या. सावनेरच्या बाजारातून कापूस रिकामा करून परतणाऱ्या. एकामागे एक, आणि शेवटची रस्त्याच्या मधोमध, गाडीवान मागे तोंड करून कुणाशी बोलत होता.

मी “बंडी!” म्हणाले. त्यांनी पाय काढला, हे मी पाहिलं. ब्रेक दाबला, हेही पाहिलं. गाडी थांबली नाही. ते पुन्हा पुन्हा दाबत होते, पाय नुसता आदळत होता. मी वाकून खुंटी तळहाताने आत मारली. इंजिनचा आवाज उतरला. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डावीकडे घातलं. गाडी रस्ता सोडून तुरीच्या शेतात शिरली, तुरीची झाडं काचेवर आपटत राहिली, आणि थांबली.

कुणाला लागलं नाही. बैल बुजले. गाडीवान येऊन खिडकीत वाकला आणि म्हणाला, “काहून गा, रस्ता छोटा पडते काय तुले?”

मधुकरराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, “ब्रेकच नाही लागला. देवाजीनं कुठीतरी गडबड केली.”

मी खाली उतरून त्यांच्या बाजूला गेले, वाकून पाहिलं. ब्रेकच्या पेडलमागे त्यांची चप्पल अडकली होती. उजव्या पायाची. पेडल खाली जाणार कसं?

चप्पल काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. 

“मले कळलंच नाही कवा निघाली ते,” ते म्हणाले.

स्वतःच्या पायातली चप्पल. कळलं नाही!

मागच्या सीटवर आज कुणी नव्हतं. तीन आठवड्यांनी तिथे प्रेमिला असेल.


२१ जानेवारी, सोमवार

चप्पल काढून पाय वर घेतला असेल तर तसं सांगावं. ‘कळलंच नाही’ हे काय उत्तर आहे? आठवीतल्या मुली वही विसरल्यावर असं सांगतात. चूक झाली एवढं म्हणाले असते तर मी तिथेच विसरले असते. (विसरले असते का? नसते. पण राग तरी उतरला असता.)

त्यांच्या तळव्याला मोठा फोड आला आहे. मलम लावलं. हाताने दाबलं तरी हुं नाही की चूं नाही. रुसले आहेत.

मी गप्प बसले नसते तर? हा प्रश्न कालपासून. मी बोलले तरी त्यांनी पाय खाली घेतला नसता. पण मी बोलले असते.


२४ जानेवारी, गुरुवार

खुंटीला हात लावायचा नाही असं मी शपथ घालून सांगितलं. ऐकलं. पण कसं ऐकलं! आज मला शाळेत सोडायला सीताबर्डीपर्यंत आले, पायाने ॲक्सिलेटर दाबून. गाडी गचके खात, मध्येच इंजिन किंचाळतं, मध्येच मरतं. व्हरायटी चौकात पोलिसानेही वळून पाहिलं. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस नवशिक्यासारखी चालवत होता.

मी म्हटलं, “मुद्दाम करताय.”

“नाही वं.”

“मग?”

“पाह्यलं ना? म्हणून ते पाहिजे होतं.”

म्हणजे मुद्दामच. माझं ऐकलं की गाडी कशी चालते ते दाखवायचं. पन्नाशीला आलेला उपअभियंता लहान पोरासारखा रुसून गाडी चालवतो, हे कुणाला सांगायचं? या पानाला.


२६ जानेवारी, शनिवार

शाळेत झेंडावंदन. उरलेला दिवस भांडण.

मी म्हटलं, दहा तारखेला टॅक्सी करू. म्हणाले, “स्वतःची गाडी दारात ठेवून माही लेक भाड्याच्या गाडीत आणू? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, लोक बंडीत बसून मागे बघत असतात, पुढचं तुम्हाला बघायचं आहे. तर म्हणाले, “मंग तू चालव. लायसन आहे ना तुह्याजवळ? चार वर्षांपासून पर्समध्ये घेऊन फिरून राहिली.”

हे बरोबर लागलं. लायसन आहे. मधुकररावांनीच हट्टाने शिकवलं, गल्लीतल्या बायका खिडकीतून बघत असताना. मी गाडी चालवते ती घर, शाळा, बाजार. वाडीच्या नाक्यापलीकडे कधी गेले नाही. समोरून ट्रक आला की मी डावीकडे इतकी सरकते की गाडी कच्च्यावर जाते. नियम सगळे पाठ आहेत. दुसऱ्याला सांगायला.

माझ्या रागात किती काळजी आणि किती हा कमीपणा? वजन करून पाहता आलं असतं तर बरं.


२९ जानेवारी, मंगळवार

देवाजीला खुंटी काढायला सांगितलं. “उद्या येतो बाई.” तिसऱ्यांदा उद्या.


२ फेब्रुवारी, शनिवार

मधुकरराव ऑफिसच्या जीपने दौऱ्यावर. मी एकटीने गाडी काढली आणि अमरावती रोडला लागले. कुणाला न सांगता. वाडीच्या नाक्यापर्यंत बरी गेले. तिथे मागून ट्रकने भोंगा दिला तो इतका लांब की माझा पाय ॲक्सिलेटरवरून सुटला. बाजूला घेतली, ट्रक गेला. त्याच्या मागच्या फळीवर ‘फिर मिलेंगे’. पुढे रस्ता अगदी रिकामा होता, तरी वळून घरी आले.

सांगितलं नाही. ते हसले नसते, पण सांगितलं नाही.


४ फेब्रुवारी, सोमवार

तह झाला. टॅक्सी नाही; मधुकररावच चालवणार. खुंटी काढून टाकायची. चप्पल बंद. गाडी चालवताना नाडीचे बूट, आणि ते बूट गाडीतच, पुढे पायांपाशी ठेवायचे, म्हणजे ‘विसरलो’ नको. त्यांचे ऑफिसचे जुने बूट मी स्वतः पुसून ठेवून आले.

सगळं कबूल केलं त्यांनी. न भांडता. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्यांच्याकडे बघवेना. चहा घेऊन ओसरीवर बसले होते, एक पाय वर आणि त्या पायाचा अंगठा हाताने दाबत. बराच वेळ. मला पाहून हात काढला.


७ फेब्रुवारी, गुरुवार

देवाजी आला! संध्याकाळी उजेड जाता जाता. डॅशबोर्डखाली उताणा पडून खुंटी काढली, तार काढली. “साहेबाचा जीव होता बाई तिच्यात,” असं मला ऐकू येईल इतक्या जोरात. खुंटीची पट्टी दोन टोकदार स्क्रूंनी बसवली होती. एक मिळाला, एक हातातून सुटला. गाडीत शोधलं, सीट उचलून पाहिली, अंगणात पाहिलं. नाही.

“जाऊ द्या, एका स्क्रूचं काय,” देवाजी म्हणाला.

मधुकरराव बाजूला उभे होते. तेही काही शोधल्यासारखं करत होते.


८ फेब्रुवारी, शुक्रवार

करू नये ते केलं. त्यांच्या टेबलाचा खण उघडला. खुंटी तिथे आहे! रुमालात गुंडाळलेली, तारेसकट. फेकून द्या म्हटलं होतं मी.

म्हणजे स्क्रूही हरवलेला नाही. लपवला आहे. अमरावतीच्या रस्त्याला लागल्यावर, किंवा तिकडे जावयाच्या ओळखीच्या मेकॅनिककडून पुन्हा बसवायची. आणि मग येताना मागे प्रेमिला, पुढे मांडी घालून बाबा. मी गप्प.

ऑफिसच्या जीपमधून उतरले तसं मी दारातच विचारलं, “स्क्रू कुठे आहे?”

“मले काय माहीत?”

“खुंटी खणात आहे.”

 “ठेवली, हो. फेकवली नाही माह्यानं. पण स्क्रू खरंच माहीत नाही वं.”

“चप्पल निघाली तेही माहीत नव्हतं.”

यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यांनी, आणि आत निघून गेले. जेवलेही थोडंच.

इतकी वर्षं या माणसाने मला एकही खोटं सांगितलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. एका खुंटीसाठी सांगावं? मुलीच्या जिवापेक्षा मोठी झाली ती? हे लिहिताना माझं अक्षर वाईट आलं आहे. येऊ दे.


९ फेब्रुवारी, शनिवार

स्क्रू सापडला.

आज ते गाडी घेऊन कालव्याच्या कामावर गेले होते. गाडीतले बूट घालून, कबूल केल्याप्रमाणे. संध्याकाळी दारात बूट काढताना मला उजवा मोजा दिसला. टाचेपाशी ओला, काळपट लाल. मी बूट उलटा करून आपटला, काही पडलं नाही. मोजा उतरवला. स्क्रू त्यांच्या टाचेत होता, डोक्यापर्यंत रुतलेला. सकाळपासून त्यावर चालले होते.

“दुखलं नाही?”

“नाही.” मग जमिनीकडे बघत, “वर्ष होऊन राहिलं, त्या पायाले काहीच कळत नाही. किती दाबून राहिलो तेही नाही कळत. खुंटी ओढली का हाताले कळते. सांगितलं असतं तर तू गाडी सोडाले लावली असती. एकडाव पोरीले घरी आणतो, मंग सांगतो, म्हटलं.”

डॉक्टरांनी स्क्रू काढला, इंजेक्शन दिलं, जखम बांधली. पाय साखरेनंच बधिर झाला म्हणाले, आणि पुष्कळ रागावले. 

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, लायसनजवळ. वाडीच्या नाक्यापुढे काय आहे ते उद्या बघेन. सावकाश नेईन, सावकाश आणीन. हे शेजारी बसतील. पाय वर घेऊन बसले तरी चालेल.